बाईंनी मला काढले नव्हते

‘प्रयोगाच्या आदल्या दिवशी बाईंनी रागाच्या भरात मधल्या नर्तकाला संस्थेतून काढून टाकले. त्याच्या जागी दुसरा कोणी उभा करण्याऐवजी त्यांनी ती जागा हट्टाने रिकामी ठेवली आणि विंगेत उभे राहून, स्वतःच्या श्वासावर सगळा नाच पार पाडला. एका भांडणातून जन्मलेली ही पोकळीच पुढे संस्थेची ओळख ठरली.’

संस्थेच्या वर्धापन महोत्सवाच्या स्मरणिकेत हा मजकूर आहे. कागद उत्तम, छपाई सुबक, मजकूर खोटा. ज्याला काढून टाकले असे म्हणतात, तो नर्तक मी.

महोत्सवात संस्थेचे जुने गाजलेले नाच आणि नव्या मंडळींनी बसवलेले नवे नाच, दोन्ही होणार आहेत. बाईंचा तो नाच अखेरीस आहे आणि पडदा उघडण्यापूर्वी वरील मजकूर ध्वनिक्षेपकावरून वाचला जाणार आहे. छापलेले आता पुसता येणार नाही, हे मला कळते. पण जे अद्याप वाचलेले नाही ते थांबवता येते. भरलेल्या प्रेक्षागृहाला, मी हाकलला गेलेला माणूस होतो आणि बाईंचे सर्वांत मोठे काम म्हणजे त्यांच्या संतापाचा अपघात होता, असे ऐकवले जाणार असेल, तर मला बोलणे भाग आहे.

स्मरणिकेत बाईंविषयी आणखीही पुष्कळ आहे. एका लेखात त्यांना ‘मातृतुल्य’ म्हटले आहे. लेखिका बाईंना भेटल्या नसाव्यात. बाई आम्हा सर्वांना, अगदी कालपरवा आलेल्या पोरींनाही, ‘अहो’ आणि ‘आपण’ म्हणत. आणि त्या आदरार्थी बहुवचनातून जो मार बसे तो एकेरीत कधीच बसला नसता. “आपण आपले गुडघे घरी विसरून आलात काय?” असे त्या अत्यंत सभ्यपणे विचारत. त्या उंच नव्हत्या. तरीही त्यांच्यासमोर उभे राहिले की आपणच कुठेतरी वाकलेलो आहोत असे वाटे, आणि बहुधा ते खरे असे.

दुसऱ्या लेखात म्हटले आहे की बाईंना संगीताचा तिटकारा होता. हेही चूक. त्यांनी उमेदीची वर्षे शास्त्रीय नृत्यात घालवली होती आणि गाणे त्यांना आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक कळत होते. एके दिवशी त्यांनी घुंगरू सोडले ते परत बांधले नाहीत. कारण विचारले तर म्हणत, “घुंगरं फार बोलतात. मला बाकीचं ऐकू येत नाही.”

बाकीचे म्हणजे काय, हे कळण्यासाठी त्यांची तालमीची जागा पाहायला हवी होती. कसब्यात एका तांबटाच्या कारखान्यावरची ती माडी. खाली दिवसभर मठारकाम चाले. तांब्याच्या हंड्यांवर हातोड्या पडत आणि ते ठोके लाकडी तक्तपोशीतून आमच्या टाचांत चढत. नाच शिकवण्यासाठी याहून वाईट जागा पुण्यात नसेल, असे आमचे मत होते. एका हितचिंतकांनी कर्वेनगरातल्या एका महाविद्यालयाचे शांत सभागृह मिळवून दिले. बाई जाऊन आल्या. मध्यभागी थोडा वेळ उभ्या राहिल्या म्हणे, आणि परत आल्या. “तिथे शांतता आयती मिळते,” त्यांनी आम्हाला सांगितले. “आयत्या शांततेत कुणालाही उभं राहता येतं.”

म्हणून आम्ही तांबटाच्या डोक्यावर नाचलो. नियम एकच होता: ठोका ऐकायचा, त्याच्या हाती जायचे नाही. खाली हातोडी पडली आणि वर कोणाचे पाऊल तिच्याबरोबर पडले, की बाई टाळी वाजवून सर्वांना थांबवत आणि त्या अपराध्याला म्हणत, “आपण खाली जा. तिथे आपली गरज आहे.” मनात अंक मोजण्यासही बंदी होती. ओठ हलताना दिसले की, “मोजायचं असेल तर दुकान काढा.” मग ठोक्यावर नाही, अंकावर नाही, तर कशावर हलायचे? श्वासावर. शेजारच्याच्या श्वासावर. तो ऐकू येत नसेल तर पाठीला कळेपर्यंत उभे राहायचे. काही जण महिनोन्महिने नुसते उभे राहिले आणि निघून गेले. त्यांपैकी काहींनी पुढे बाईंच्या आठवणी लिहिल्या आहेत.

कारखान्याचा मालक एकदा जिना चढून वर आला आणि दारातच उभा राहिला. संकोचून म्हणाला, “बाई, जागा घेतलीत, तर वापरत का नाही? वरून कधी आवाजच येत नाही.” आम्ही तेव्हा घामाने निथळत होतो. बाईंचा चेहरा असा उजळलेला मी क्वचित पाहिला. आपल्या कामावर आलेला एकमेव समजूतदार अभिप्राय म्हणून हे वाक्य त्या पुढे वर्षानुवर्षे सांगत. एका विद्वान गृहस्थांनी भर सभेत या नाचाला ‘कवायत’ म्हटले होते. त्यांना मात्र बाईंनी उत्तर देताना एवढेच म्हटले, की कवायतच आहे, फक्त कुणाला मारायचे नाही.

नव्या माणसाला त्या प्रथम मंडईत नेत. सकाळी, माल उतरत असताना. भाजीवाल्या बायका पाटी डोक्यावर घेतात ते पाहायचे. पण पाटी पाहायची नाही, बाई पाहायची नाही, उचलण्याच्या आधीचा क्षण पाहायचा. “उचलणं सगळ्यांनाच दिसतं,” बाई म्हणत. “त्याआधी ती काय करते ते बघा.” आम्ही बघत राहिलो की एखादी खेकसे, की घ्यायचे असेल तर घ्या, नाहीतर उजेड सोडा. तेव्हा बाई माफी मागून एक लिंबू घेत. फुकट बघू नये, असे त्यांचे म्हणणे. मंडईतून आम्ही इतकी लिंबे आणली, की माडीवर कोणाला उचकी लागण्याचीही सोय उरली नव्हती.

आता आमच्या घरातली एक गोष्ट. आमचे कसब्यात पुस्तकबांधणीचे दुकान होते, आजोबांपासूनचे. मुलगा नाचायला जातो, हे अब्बांना मोहल्ल्यातल्या कोणाकडून तरी कळले. स्वच्छ टोपी घालून थेट माडीवर आले.

“आमच्या पोराला आपण नेमकं काय शिकवता?” त्यांनी विचारले.

“उभं राहायला.”

“ते त्याला वर्षाचा असतानाच आलं होतं, बाई.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तेव्हा ते फक्त पडायचे थांबले.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी बाईंना आदाब केला आणि जिना उतरून गेले. घरी त्या विषयावर पुन्हा शब्द निघाला नाही. पण त्या दिवसानंतर दुकानात मला बसल्या जागेवरून कोणी उठवले नाही.

बाईंची स्तुती करण्याची पद्धत सांगितली पाहिजे, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचे समजणार नाही. त्या ‘छान’ म्हणत नसत. ‘ठीक’ही नाही. तालीम चालू असताना त्या खिडकीशी बसत. हाती काळी छत्री, ऋतू कोणताही असो. काही चुकले की बोलत. काहीच चुकत नाही असे झाले, की त्या उठत, चपला घालत, छत्री उचलत आणि निघून जात. नाच संपायची वाटही पाहत नसत. “आता माझं काय काम?” एवढेच त्यावर त्यांचे स्पष्टीकरण. जिन्यावर त्यांची पावले उतरताना ऐकू यावीत, यासाठी आम्ही काय केले नसते! माझ्या आयुष्यात मला पुढे शाली मिळाल्या, नारळ मिळाले. त्या पावलांच्या आवाजाची सर कशालाच आली नाही.

त्या नाचाचे आता वर्णन करतो. त्याला नाव नव्हते. आम्ही त्याला उभा नाच म्हणत असू. नर्तक वर्तुळात उभे, तोंडे बाहेर, पाठी आत. मध्यभागी एक जण. कोणालाच कोणी दिसत नाही, वाद्य नाही. मधला श्वास घेतो आणि त्यावर सारे हलतात, वळतात, खाली बसतात, उठतात. अखेरीस वर्तुळातली एक नर्तकी पाठ न वळवता मागे येते, मधल्याच्या खांद्यावर तळहात ठेवते आणि प्रकाश जाईपर्यंत सगळे तसेच उभे राहतात. एवढाच नाच. मधला मी होतो. तळहात ठेवणारी माझी सहनर्तकी आज परगावी राहते, संस्थेची ज्येष्ठ म्हणून तिला मान आहे, आणि स्मरणिकेतला तो मजकूर तिने दिलेल्या मुलाखतीवरून घेतलेला आहे.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळची तालीम संपवून मी जिना उतरत असताना पाय सटकला आणि घोटा मोडला. दुपारी प्लास्टर घालून, बसत बसत, एकेक पायरी मागे सरकत मी पुन्हा माडीवर गेलो. सारे जमलेले होते. मी समजूतदारपणाने म्हणालो की माझ्या जागी अमक्याला घ्यावे, त्याला सगळा नाच येतो. यावर बाई ओरडल्या. हो, ओरडल्या, मी ते नाकारीत नाही. तसा आवाज मी त्यांचा पूर्वी ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नाही.

“आपली जागा दुसऱ्याला देऊन टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उठा. व्हा बाहेर.”

येथपर्यंतचे सर्वांनी ऐकले. येथपर्यंत स्मरणिका बरोबर आहे. पण जे माडीवर राहिले त्यांची साक्ष माडीवरच संपते, एवढे साधे तत्त्व ती लिहिणाऱ्यांना सुचले नाही.

मी खाली आलो. तांबटाने एक हंडा पालथा घालून त्यावर मला बसवले. मला रडू येत होते आणि भोवती हातोड्या चालू होत्या, त्यामुळे सोय झाली. थोड्या वेळाने बाई उतरल्या. हातात छत्री नव्हती. त्या ठोक्यांच्या गदारोळात त्यांना माझ्या कानाशी वाकावे लागले.

“पाय मोडलाय. छाती मोडली आहे का?”

“नाही.”

“मग उद्या या. मागच्या दाराने. कुणाला दिसू नका.”

मला कळेना. मी विचारले, की मग मध्ये कोण? त्या म्हणाल्या, मध्ये आपणच. मी प्लास्टरकडे बोट दाखवले. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.

“ती जागा भरलेली आहे, हे आपण त्यांना सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ते त्यांना वाटलं पाहिजे. नंतरही सांगायचं नाही. मी आहे तोवर तरी नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विंगेतल्या काळ्या पडद्याआड खुर्चीवर बसलो, प्लास्टरचा पाय एका खोक्यावर. पडद्याच्या पुढे, नर्तकांना दिसेल अशा जागी, बाई उभ्या होत्या. पडदा उघडला. मध्यभाग रिकामा होता. मी श्वास घेतला, आणि समोर, पडद्याच्या फटीतून मला पलीकडच्यांच्या पाठी आणि अलीकडच्यांचे खांदे दिसत असताना, ते सगळे त्या श्वासावर उचलले गेले. तालमींत मी अनेक वर्षे त्या वर्तुळाच्या आत उभा होतो. बाहेरून ते कसे दिसते हे मला तोवर ठाऊकच नव्हते. रिकाम्या जागेभोवती ते असे वळत होते, जसे पाणी भांड्याच्या तळाभोवती वळते. प्रेक्षागृहात खोकणारे पुणेकर खोकायचे थांबले. याहून मोठी दाद या शहरात देण्याची पद्धत नाही.

नाच अर्ध्यावर आला असेल. मी मान वळवली तर पडद्यापुढे बाई नव्हत्या. त्यांच्या चपला नव्हत्या. छत्री नव्हती. मागचे दार किंचित उघडे होते आणि त्यातून रस्त्यावरचा उजेड येत होता. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाच्या मध्यावर ती बाई घरी निघून गेली होती. पुढचा सगळा श्वास माझा मी घेतला.

घोट्याचे हाड वाकडे जुळले. मी पुन्हा रंगमंचावर गेलो नाही. एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. बाईंनी त्या नाचाची मधली जागा पुढे कधी भरली नाही. विंगेतून कोणीतरी श्वास द्यायचा, हाच रिवाज झाला. मी दिसेनासा झालो होतो, तेव्हा बाईंनी मला काढले असा समज होणे साहजिक होते. बाईंनी तो दूर का केला नाही, असे विचारणाऱ्यास बाई ठाऊक नाहीत. त्या कोणाचाच कोणताच समज दूर करीत नसत. त्यासाठी त्यांच्याकडे वेळ नव्हता. कधी मंडईत भेटल्या तर माझ्या पायाकडे न पाहता विचारत, “श्वास घेता ना?” मी हो म्हणे. त्या लिंबू घेऊन पुढे जात.

बाई गेल्यावरही मी गप्प राहिलो. स्मरणिका हाती आली तेव्हा मात्र उठून थेट कर्वेनगरातल्या संस्थेच्या नव्या जागेत गेलो. तेथे भिंतभर आरसे आहेत. नर्तकांच्या कानात बारीक यंत्रे असतात आणि त्यांत ठोके वाजतात. हल्लीची दिग्दर्शिका तरुण आहे, हुशार आहे, तिने बसवलेला नवा नाच मी पाहिला आणि तो चांगला आहे, हेही येथे नमूद करतो. तिने माझे सर्व म्हणणे ऐकून घेतले.

“सर, मला तुमचं फीलिंग समजतंय. पण ताईंनी इंटरव्ह्यूमध्ये अगदी क्लिअर सांगितलंय. निवेदन बदलायचं तर काहीतरी प्रूफ हवं ना?”

“माझा घोटा आहे.”

“घोट्याने घोटा मोडला एवढंच प्रूव्ह होतं, सर.”

मुलगी तर्कशुद्ध आहे. मला तिचा राग आला नाही.

मग सहनर्तकीला फोन केला. तिने ओळखले, आनंद झाला असे म्हणाली, आणि मुद्दा ऐकल्यावर आवाज बदलला.

“अरे, मी स्वतः ऐकलंय. ‘व्हा बाहेर’ म्हणाल्या. तू गेलास. दुसऱ्या दिवशी बाई विंगेत उभ्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या.”

“सुरुवातीला. नंतर त्या गेल्या.”

“आणि श्वास कोणाचा होता मग?”

“माझा.”

ती हळू आवाजात म्हणाली, “हे बघ, त्या नाचात मी बाईंच्या श्वासावर उभी राहिले. आयुष्यभर तेच सांगत आले. आता म्हातारपणी तो माझ्याकडून काढून घेऊ नकोस.”

ती खोटे बोलत नाही. तिने जे पाहिले आणि ऐकले त्यावरून तिने जे जोडले ते कोणीही जोडले असते. मी फोन ठेवला आणि निवेदनाचा नाद सोडून द्यावा, असे माझ्या मनात आले. पण तिचा श्वास वाचवायचा तर बाई संतापी ठरतात, आणि बाईंनी एक माणूस टाकून दिला असे ठरते. बाईंनी माणूस टाकला नाही. मोडलेल्या माणसालाही त्याच्या जागेवरून हलू दिले नाही.

पुन्हा कर्वेनगरात गेलो. दिग्दर्शिकेने त्या पहिल्या प्रयोगाचे जुने चित्रण दाखवले. चित्र धुरकट आहे. आवाज नाहीच, नुसती खरखर आहे. याच चित्रणावरून नव्या मंडळींनी नाच बसवला आहे. अखेरचा भाग आला. सहनर्तकी मागे येते आणि जेथे माझा खांदा असायचा तेथे, हवेत, तळहात ठेवते. दिग्दर्शिका म्हणाली, हाताची ही बारीक हालचाल फार सुंदर आहे, आम्ही ती जशीच्या तशी अंक मोजून बसवली आहे. मी तिला चित्रण मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा एकदा.

बाईंचा श्वास कसा होता हे त्यांच्या प्रत्येक शिष्याला ठाऊक आहे: लांब, सपाट, तेल ओतल्यासारखा अखंड. माझा तसा नाही. लहानपणी छातीचे दुखणे झाले तेव्हापासून आत घेतलेला श्वास बाहेर वळण्यापूर्वी अडतो. माझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या सहनर्तकीची त्याबद्दल नेहमीच तक्रार असे, आणि बाई तिला म्हणत की श्वास अडतो तिथे आपणही अडा. पहिल्या प्रयोगात तिचे कान बाईंना ऐकत होते. हात मात्र कोणाला ऐकत होता, ते चित्रणात स्वच्छ दिसते. दिग्दर्शिकेला मी एवढेच दाखवले आणि आपल्यालाही एवढेच सांगतो. तो तळहात वर जातो, उतरण्यापूर्वी अडतो, मग उतरतो.